दुधासारखं सीरम

आमचा मुलगा जन्मून नवव्या दिवशी गेला आणि मी देवापुढं हात जोडणं सोडलं. भोरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं माझं काम. सत्तर सालानंतरची गोष्ट ही. नळीत दिसेल तेवढंच खरं, असं मी बायकोला ऐकवायचो. ती मात्र रोज मेंगाईदेवीपुढं दिवा लावायची.

एका चैत्रात पाली गावच्या वरच्या वाडीतली एक धनगरीण पोट धरून आली. सोबत म्हातारा सासरा, दुसरं कुणी नाही. डॉक्टरांना अपेंडिक्सचा संशय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला ऑपरेशनसाठी पाठवायचं ठरलं. तिचं रक्त मी यंत्रात फिरवलं आणि थबकलो. वर रक्तातलं पिवळसर, नितळ पाणी, म्हणजे सीरम, यायला हवं, ते आलं दुधासारखं पांढरं.

बाहेर जाऊन सासऱ्याला विचारलं, “काय खाऊ घातलंत?”

“दोन दीस पानीबी ठरंना तिच्या पोटात, सायेब.”

मला ते खोटं वाटलं. तुपकट जेवणानंतर सीरम गढुळतं, हे मी पाहिलेलं होतं. आत येऊन दाराला कडी लावली आणि नमुना वाया गेला म्हणून नळी मोरीत रिकामी करायला वाकलो.

“ते वतू नगंस. गार ठिव. सकाळी बग.”

मागं एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळ मळवटानं भरलेलं. नातलग असेल म्हणून मी मान हलवली, नळी फ्रीजमध्ये उभी ठेवली. वळलो तर खोली रिकामी. दाराची कडी आतून तशीच लागलेली. दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून येत होतं.

सकाळी नळीत वर सायीसारखा जाड थर जमला होता. नळी घेऊन मी धावतच गेलो. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली.

“रक्तातच चरबी उतू चाललीय हिच्या. सुजलंय ते अपेंडिक्स नव्हे, स्वादुपिंड. पोट फाडायचं नाही. तोंडानं काही देऊ नका, सलाईन लावा.”

पुण्याची गाडी रद्द झाली. आठव्या दिवशी तिनं भाताची पेज घेतली. मी तिला भीत भीत त्या म्हातारीबद्दल विचारलं.

“ती तुमच्या दवाखान्यातली न्हवं?” ती म्हणाली. “उशाशी बसलेली. सासूबाई गेल्या तवाबी आमच्या घरी आलती. म्या म्हनलं, आता मला न्ह्यायला आली.”

न्यायला आलेली ती म्हातारी हिला ठेवून का गेली, आणि माझं लेकरू का नेलं, हे मला आजही ठाऊक नाही. पूर्वी या प्रश्नानं मी पेटून उठायचो. त्या संध्याकाळी मात्र दिव्यापुढं बायकोशेजारी जाऊन नुसता बसलो, आणि किती दिवसांनी हात आपोआप जुळले. मागायचं काही सुचलं नाही. नळी ओतायला निघालेला हात कुणीतरी धरला, एवढ्यासाठीच डोळे भरून आले.