नळीचा चिमटा

जालन्याच्या दवाखान्यात मी अतिदक्षता विभागात नर्स होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई ऑपरेशन झालेला पेशंट स्वतः आमच्याकडे आणायच्या. "आधी ऐक, मंग हात लाव," म्हणायच्या. सगळं सांगून झालं की मुद्दाम शंका विचारायला लावायच्या. तोवर हलायच्याच नाहीत.

एकदा घनसावंगीच्या आजींना पोटाचं ऑपरेशन करून आणलं. मी विचारलं, "बाई, पोटातली नळी बंद का?"

आणताना नळीला लावलेला चिमटा तसाच राहिला होता, त्यामुळे पोटात साचलेलं रक्त बाहेर येत नव्हतं. बाईंनी तो काढताच नळीतून ताजं रक्त धावलं.

"परत थिएटरात, जल्दी."

आम्ही ट्रॉली घेऊन पळत सुटलो.

आजी वाचल्या. त्या शुद्धीवर आल्यावर बाई मला हाताला धरून त्यांच्यापुढे घेऊन गेल्या.

"आजी, चिमटा माझ्याकडून राह्यला होता. हिनं विचारलं म्हणून कळलं."