खड्याच्या निमित्तानं

सूनबाई बाळंतपणात अडली, तेव्हा मी माहूरच्या रेणुकाआईला बोलले होते, दोघांना सुखरूप ठेव, पायरीपायरीवर दंडवत घालत वर येईन. आईनं ऐकलं. नातू चालायला लागला, तरी आमचं निघणं होत नव्हतं. शेवटी दिवस ठरला आणि आदल्या दिवशीच माझ्या कुशीत अशी कळ उठली की मी अंगणातच बसले. उशीर झाला म्हणून आई कोपली, हेच पहिलं मनात आलं. मला रागही आला. कोपायचंच होतं, तर नवस फेडून झाल्यावर तरी कोपायचं. बोललेलं राहून गेलं आणि नातवावर उलटलं तर? या धास्तीनं मुदखेडहून नांदेडपर्यंत मी गाडीत रडत होते.

डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन करायला लावला. मुतखडा निघाला, पण बारीक. पाणी भरपूर प्या, पडून जाईल म्हणाले. मी उठायला लागले, तसं त्यांनी थांबवलं.

"मावशी, बसा जरा. फोटो तपासणाऱ्या डॉक्टरांनी आणखी एक लिहिलंय. तुमचा एक मणका दबलाय, हाडं ठिसूळ दिसतात. कधी पडलात का?"

"न्हाई ओ. पाठ दुखती, पण ती कोणाची दुखत न्हाई? शेतात निंदायला वाकावंच लागतंय."

माझी सून लातूरची, विचारल्याशिवाय राहणारी नव्हे. "सर, ह्यांना दंडवत घालत गड चढायचाय. जमंल का?"

"मुळीच नाही. असं वाकून वाकून आणखी मणके दबतील. अंथरुणाला खिळायचंय का?"

मग हाडांची वेगळी तपासणी झाली, दुखणं पक्कं झालं, औषध सुरू झालं. खडा पडून गेला. मी मात्र विचार करत राहिले. फोटो काढला होता खड्यासाठी. खडा सापडल्यावर तो तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम संपलं होतं, तरी त्यांनी नजर माझ्या हाडांपर्यंत नेली. त्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. आईनंच त्यांना बघायला लावलं, असं मी म्हणते. सून म्हणते, "त्यांचं कामच हाय ते, आत्या." दोन्ही खरं असेल.

बरं वाटल्यावर सुनेचा हात धरून, बसत उठत मी गड चढले. नातू मुलाच्या कडेवर होता. मला आता त्याला उचलायची बंदी आहे. गाभाऱ्याशी सवयीनं वाकायला गेले, तशी सुनेनं कोपर धरलं. "आत्या, वाकायचं न्हाई."

मी तशीच ताठ उभी राहिले. आईला म्हटलं, माय, बोलले ते जमलं न्हाई, लेकराला सांभाळ. आणि इतके दिवस छातीवर बसलेली भीती उतरली. नवस मी माझ्या मनानं ठरवला होता आणि तो तडीस नेणं म्हणजेच शरण जाणं, असं धरून बसले होते. तिनं कळ देऊन अडवलं, तर मी तिच्यावरच रुसले. डोळे भरून आले.

माहूरची आई म्हणजे नुसतं मुख, शेंदरानं माखलेलं. इतक्या वर्षांत मला आठवत होता तो उंबऱ्याचा दगड, कारण आल्याबरोबर डोकं टेकायचं आणि मागच्यांच्या रेट्यानं पुढं सरकायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचे डोळे नीट पाहिले. ती माझ्याकडेच बघत होती. दर वेळी बघतच असणार, माझीच मान खाली असायची.