नोकरांच्या दाराने

मस्कतला, कुरुममधल्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढते. एका अर्बाबला, म्हणजे इथल्या बड्या ओमानी मालकाला, इंग्लिश हवेली हवी होती. इंग्लंडला शिकत असताना तो एका जुन्या सरदाराची खेड्यातली हवेली बघून आला होता. लाल विटा, मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वर धुराड्यांची रांग. मस्कतच्या उन्हात शेकोटी कोण पेटवणार? पण हौसेला मोल नाही. धुराडी मी काढली, आणि खरं सांगायचं तर मजेत काढली.

घर आईसाठी होतं. वडील गेल्यापासून ती दूर निझवा गावी एकटीच राहायची आणि त्याला ती जवळ हवी होती.

बांधकाम होत आलं तेव्हा ती बघायला आली आणि दारातच थांबली. समोर मोठा दिवाणखाना, त्यातच जिना. दार उघडलं की उतरणारं माणूस थेट रस्त्यावरून दिसणार. इथे पुरुषांची बैठक वेगळी, त्या बैठकीचं दारही वेगळं. खिडक्या जुळवण्याच्या नादात आम्हा दोघांना ते सुचलंच नव्हतं.

"माझ्याकडे येणाऱ्या बायका कुठून येतील?" तिने मुलाला विचारलं. एवढं अरबी मला कळतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

"घर छान आहे. तू राहा," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. अर्बाबचं तोंड बघवेना.

घरी सांगितलं तर नवरा हसायला लागला. "अगो, तुझ्या आईकडे रत्नागिरीला बायका पुढच्या दारानं येतात काय? मागीलदारानंच ना?"

इंग्लिश हवेलीला मागचं दार असतंच, नोकरांसाठी. तिथून स्वयंपाकघर, आणि मालकांना नोकर दिसू नयेत म्हणून भिंतीआड अरुंद जिना. मूळ हवेलीत होतं म्हणून मीही ते काढलं होतं.

"आईला नोकरांच्या दारानं आणू?" मी ते दार सुचवताच अर्बाब भडकला.

"दार कुणाचं ते त्यांनाच ठरवू दे," मी म्हटलं. "एकदा दाखवा तरी."

मागच्या दारालगतच्या दोन कोठ्यांमधली भिंत पाडून मी तिथे ऐसपैस खोली केली. आई पुन्हा आली, या वेळी मागून. तिकडे दुपारीही सावली होती, स्वयंपाकघर हाताशी होतं, आणि जिन्याने वर जाताना कुणाची नजर पडत नव्हती. तिने चपला काढल्या, गालिच्यावर बसली, कॉफी मागवली. मला इतकं बरं वाटलं की मीही न विचारता शेजारी बसले.

कॉफी संपल्यावर ती मुलाला म्हणाली, "तुझे पाहुणे पुढून येऊ देत. तू मात्र इकडून येत जा. म्हणजे घरी आलास ते मला कळेल."