खांद्यापर्यंत

साठीतल्या मनकर्णाबाईंची वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली होती. अंबाड्यात गंगावन खोचून खोचून डोकं दुखायचं. शेवटी किन्हीराजाहून त्या मालेगावच्या पार्लरात आल्या आणि म्हणाल्या, "खांद्यापर्यंत काप."

पार्लरवाली वर्षाराणी कचरली. नवरा असताना बाईनं केस कापणं गावाकडे अशुभ मानतात.

"काकू, काका हायेत ना?"

"हायेत की. बाहेर फटफटीवर बसून राह्यले."

"मंग लोक काय म्हनतीन?"

"मले म्हनतीन, तुले नाही. काप."

खांद्यावर आलेले केस एकदम दाट दिसू लागले, चेहराही भरला. त्या बाहेर आल्या तसे त्यांचे यजमान पुंजाजी बघतच राहिले.

"वळखूच येऊन नाही राह्यली तू! पन वयनी बोलतीन."

डोक्यावर पदर न घेताच मनकर्णाबाई मागे बसल्या.

"चला, आधी जाऊबाईच्याच दारावरून गाडी घ्या."