दुखरा पाय चालवणारे डॉक्टर

डॉ. खंडेराव मोहिते साठाव्या वर्षात पदार्पण करीत आहेत. त्यांच्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी त्यांचा रोगी होतो आणि आज दोन्ही पायांवर उभा आहे.

मी म्हैसूर संस्थानच्या मोजणी खात्यात होतो. दिवसभर शेतांच्या बांधांवरून चालणे हेच माझे काम. पन्नाशीच्या आतच उजवी पोटरी दुखू लागली. थोडे चाललो की पोटरीत गोळा येई, थांबलो की निवळे. पुढे गल्लीचे टोक गाठणेही जमेना. एका नामांकित डॉक्टरांनी रक्ताची वाट अरुंद झाल्याचे सांगून पूर्ण विश्रांती घ्यायला लावली. पाय काळा पडला तर कापावा लागेल, असेही बजावले. मी अंथरूण धरले. वरिष्ठांचा निरोप आला, की चालता येत नसेल तर नोकरी सोडण्याचा विचार करावा.

तेव्हा माझ्या मेहुण्यांनी मला लष्कर मोहल्ल्यात मोहित्यांच्या दवाखान्यात नेले. जुन्या शिलेदार घराण्यातले हे गृहस्थ उंचेपुरे, पण आवाज अगदी मऊ. त्यांनी पावलावरची नाडी बराच वेळ चाचपली.

"उद्यापासून चालायला लागा," ते म्हणाले.

"चाललो की दुखतं, डॉक्टर."

"दुखेपर्यंत चाला. दुखलं की थांबा. निवळलं की परत चाला. आणि विडी साकु, पुरे झाली. आजपासून बंद."

हे ऐकून आमच्या घरातून फार विरोध झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः चामराजपुरमला आमच्या दारात उभे राहिले. माझ्या पत्नीने त्यांना स्पष्टच विचारले, "पाय जायची वेळ आलीय, आणि तुम्ही चालवताय?"

"वहिनी, मी बरोबर चालतो," ते म्हणाले. "पाय बिघडतोय असं दिसलं तर मीच यांना निजवीन."

त्यांनी शब्द पाळला. मला धीर येईपर्यंत ते रोज सकाळी येत. मी थांबलो की तेही थांबत, आणि रस्त्यातच मला समजावीत. मोठी वाट अरुंद झाली तरी स्नायूंत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. स्वस्थ बसले की त्यातल्या बऱ्याच मिटून राहतात. स्नायू कामाला लागला की उघडतात. रोज दमवले, तर नव्याही फुटत असाव्यात.

"असाव्यात म्हणजे?" मी विचारले.

"मला तसं वाटतं. माणसाच्या पोटरीत डोकावून कोण बघणार?"

एकदा मात्र त्यांनी मला दवाखान्याच्या खिडकीपाशी बसवले, माझ्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला आणि बोट सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आकड्यांसारख्या वळलेल्या लालसर रेघांतून माझेच रक्त सरकत होते. मी थक्क होऊन पाहत राहिलो. "ही कातडीतली झाली," त्यांनी लगेच सांगितले, "पोटरीतली अशीच वागतात, हे यावरून ठरत नाही."

पावसाळा सरता सरता मी थांबे विसरू लागलो. वरिष्ठांनी सोसले गावाजवळच्या जमिनीची मोजणी माझ्याकडे दिली, बहुधा परीक्षा पाहायलाच. दिवसभर बांध तुडवून संध्याकाळी मी तिथल्या मठात चालत गेलो आणि दर्शन घेऊन ओसरीवर बसलो. पोटरी थकली होती, पण गोळा आला नव्हता. माझी नोकरी राहिली.

सगळ्यांचे असे झाले नाही. मोहल्ल्यातल्या एका वृद्ध शिपायांचा पाय इतके करूनही कापावा लागला. डॉक्टरांनी ते कुणापासून लपवले नाही. जखम भरेपर्यंत ते त्यांच्या घरी जाऊन पट्टी बदलत, आणि आमच्यासारख्यांनी डॉक्टरांची फार स्तुती केली की त्या शिपायांची आठवण देत. "जमलं नाही तेही सांगा सगळ्यांना," असे ते म्हणत. म्हणून येथे सांगितले.

डॉक्टरसाहेबांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. माणसाच्या जिवंत स्नायूत पाहण्याची युक्ती एक दिवस कुणाला तरी साधेल, आणि चालणाऱ्याच्या पोटरीत खरोखर नव्या वाटा फुटतात की नाही, ते कळेल. ते उत्तर त्यांच्या बाजूचे असो वा नसो, ते ऐकायला डॉक्टर आपल्यात असोत. मला ठाऊक आहे, दोन्ही उत्तरांनी त्यांना सारखाच आनंद होईल.