रिकाम्या बाकांसमोर

विद्यापीठात प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेलो, तेव्हा समितीने थोडा वेळ शिकवून दाखवायला सांगितलं. वर्ग अवाढव्य होता आणि पहिल्या बाकावर समितीचे फक्त तिघे बसले होते. गावाकडच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवतो. बोलता बोलता त्याच सवयीने विचारून गेलो, "मागे ऐकू येतंय ना?"

दोघांनी कागदांतून मान वर केली नाही. तिसऱ्या सदस्य एक बाई होत्या, त्यांनी मात्र वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "येतंय, सर. शिकवा पुढे."

बाहेर आलो तर मुलांचे घोळके हसत चालले होते. शिकवणाऱ्याला आधी समोर कुणीतरी बसलेलं लागतं. बाकी सगळं नंतर.

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात घटकाभर मीही सर होतो, हे कुणाला सांगावं, तेच कळत नाही.