कुणी विचारलंच नाही

आमच्या काकांनी एकतीस वर्षं लष्करात काढली आणि एवढ्या काळात त्यांच्या गोळीला फक्त एक लाकडी फळी बळी पडली. तीही शेजारच्याची. नेमबाजीच्या सरावात नेम काकांचा आणि भोक दुसऱ्याच्या फळीला. "त्या माणसाला त्या वर्षी बक्षीस मिळालं," काकू सांगते, "आणि बिचारा आभार मानायला घरी आला होता."

काका लष्करी न्यायाधीश होते. सैनिक त्यांना वकील समजत, वकील त्यांना सैनिक समजत, आणि आमची गल्ली त्यांना जज्जसाहेब म्हणून पाण्याच्या नळाच्या तक्रारी सांगायला येई. त्यांचे वडील शिंपी. पहिला गणवेश हातात आला तेव्हा इतरांनी तो अंगाला लावून आरशात पाहिला. काकांनी तो उलटा करून शिवण पाहिली आणि "टाके विरळ आहेत" असा शेरा मारला. त्यांच्या न्यायदानाची सुरुवात मी तिथपासून धरते.

त्यांच्या कोर्टाला स्वतःची इमारत नसे. जिथे आरोपी, तिथे कोर्ट. कधी जेवणघरात, कधी व्यायामशाळेत, एकदा तर टेबल टेनिसच्या टेबलावर, जाळी काढून. त्यावर राखाडी घोंगडी पसरली की झालं न्यायालय. टेबलामागे पाच अधिकारी बसत. दोषी की निर्दोष, हे त्या पाचांनी ठरवायचं. काकांनी कोर्ट चालवायचं, कायदा समजावून सांगायचा, पण मत द्यायचं नाही. मत देताना सगळ्यात कनिष्ठ अधिकारी आधी बोले. वरिष्ठ आधी बोलला तर खालच्यांची मतं त्याच्या मागोमाग चालत येतात, हे लष्कराइतकं कुणाला ठाऊक असणार?

"एकतीस वर्षं मत न देता बसायची सवय झाली," काकू म्हणते, "म्हणून तर आमचा संसार टिकला."

काकांच्या पहिल्याच खटल्यात आरोपी एक ट्रकचालक होता. त्यानं ट्रक मागे घेताना कुठल्याशा बंगल्याची भिंत पाडली होती. कामकाज सुरू करण्याआधी आरोपीला एक प्रश्न विचारावा लागतो: या कोर्टात बसलेल्यांपैकी कुणावर तुझा आक्षेप आहे का? त्या सकाळी टेबलाचा एक पाय डुगडुगत होता. काका कागदाची घडी करून त्या पायाखाली सरकवत बसले आणि प्रश्न राहून गेला. मग चार दिवस खटला चालला, अकरा साक्षी झाल्या, चालक दोषी ठरला. कागद तपासणीला वर गेले आणि तसेच परत आले. प्रश्न विचारलेला नाही, सबब सगळं रद्द. चार दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं. सुटलेला चालक जाताना कडक सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, ती भिंत पंचांमधल्या दोन नंबरच्या साहेबांचीच होती. मी सांगणार होतो. पण कुणी विचारलंच नाही."

तेव्हापासून काका ऊठसूट हा प्रश्न विचारत सुटले. काकूला मागणी घालतानासुद्धा त्यांनी ताठ बसून विचारलं, "माझ्याविषयी काही आक्षेप?" काकू म्हणाली, "मिश्या." दुसऱ्या दिवशी मिश्या गेल्या. इतक्या तातडीनं निकाली निघालेलं प्रकरण त्यांच्या कारकिर्दीत दुसरं नाही.

निवृत्त झाल्यावर ती राखाडी घोंगडी आमच्या जेवणाच्या टेबलावर आली. रविवारी दुपारी घरचं कोर्ट बसे. घड्याळ कुणी फोडलं, खोली कुणाला मिळणार, मी विज्ञान घ्यावं की साहित्य, सगळं तिथे. धाकट्यानं आधी बोलायचं, हा नियम तिथेही होता. घरात सगळ्यात धाकटी मी. लहान तोंडी मोठा घास हे शब्द मला कुणी कधी ऐकवले नाहीत; उलट तो घास मलाच आधी घ्यावा लागे. सहाव्या वर्षी मी चुलतभावाला, म्हणजे काकांच्या मुलाला, घड्याळ फोडल्याबद्दल दोषी ठरवलं. दादा अजून ते बोलून दाखवतो.

गेल्या वर्षी आरोपीच्या खुर्चीत काका बसले.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यांच्या गाडीचं तेहेतीस. रोज सकाळी ते गाडी काढून नदीपलीकडे जात. तिथे त्यांचा जुना कारकून राहतो. दोघं बुद्धिबळ खेळतात आणि एकमेकांच्या चुका लक्षात ठेवतात. एका सकाळी काकांनी गाडी आत घेताना फाटकाचा खांब पाडला. दादा म्हणाला, आता किल्ली काढून घ्या. काका म्हणाले, "रीतसर खटला चालवा." किल्ली गेली असती तर त्यांचं जग गल्लीच्या टोकाला संपलं असतं, हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

काकू त्यांच्या जागी बसली आणि लगेच सुरू झाली. "खांब पाडलात. कबूल?"

"तो आधीच कलला होता."

"कलले तुम्हीही आहात. तुम्हाला कुणी धडक दिली का?"

माझे वडील मोठ्यानं हसले. खांब काय, पुन्हा उभा करता येतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग काकू माझ्याकडे वळली. "धाकटे, बोल."

त्यांना फक्त खांब माहीत होता. मला मंगळवार माहीत होता. मंगळवारी मी काकांच्या शेजारच्या सीटवर होते. शाळेसमोर लाल पाटी घेऊन बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती, मागे मुलांची रांग. काकांना ती दिसलीच नाही. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा लाल पाटी बॉनेटला टेकली होती. "ब्रेक जरा जड झालाय," काका म्हणाले होते. मीही घरी काही बोलले नव्हते.

मी टेबलावरच्या घोंगडीकडे बघत मंगळवार सांगितला. मग म्हणाले, "दोषी."

वडिलांचं हसू विरलं. दादा म्हणाला, "दोषी." मग वडीलही हळूच तेच म्हणाले. काकूनं हात पुढे केला. काकांनी खिशातून किल्ली काढली. तिला त्यांच्या वडिलांनी शिवलेली कातड्याची पट्टी होती. टाके दाट.

नंतर घोंगडीची घडी घालायला काकांनी मलाच बोलावलं. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, काकूनं तुम्हाला विचारलंच नाही! आक्षेप आहे का म्हणून."

"लक्षात आलं होतं."

"मग सगळा खटलाच रद्द की! बोलला का नाहीत?"

"विचारलं असतं तर मला तुझ्यावर आक्षेप घ्यावा लागला असता. ज्यानं पाहिलं त्यानं साक्ष द्यायची, न्यायाला बसायचं नाही. तू उठली असतीस. आणि तुझ्या बापाला सायकल मी शिकवली आहे. तो मला दोषी ठरवणार होता होय?" ते दोन पावलं पुढे आले आणि आपली टोकं माझ्या हातात दिली. "एकास एक मत पडलं की आरोपी सुटतो; सोडलं असतं त्यांनी मला. आणि उद्या सकाळी मी पुन्हा त्या शाळेवरूनच गेलो असतो."

मी चारही टोकं जुळवून घडी घातली.

"घडी तिरकी आलीय," ते म्हणाले. "पुन्हा घाल."

सोमवारी सकाळी गाडी मी काढली. लायसन्स मिळून मला चार महिने झाले होते. काका शेजारी बसले, पट्टा लावला, बुद्धिबळाचा डबा मांडीवर घेतला आणि वाट बघत राहिले. मी किल्ली फिरवणार तोच म्हणाले, "विचार."

"माझ्या चालवण्यावर काही आक्षेप आहे का?"

"तीन आहेत," काका म्हणाले. "आधी आरसा नीट कर."